‘हो’चा चौकोन

पेनाला साखळी होती. बारीक मण्यांची, खिडकीच्या कडेला ठोकलेली – म्हणजे पेन चोरीला जाईल ही भीती कोर्टातही आहेच, आणि इथे येणारे आम्ही सगळे तसलेच ना... ओडेसाला हसू आलं.

चोवीस वर्षांपूर्वी ईस्टरला लेकीच्या पायांत पांढरे बूट हवेत म्हणून तिने दुकानातून उचलले होते. तेव्हा ती स्वतःच एकोणीसची. बूट परत गेले, गुन्ह्याची नोंद राहिली. ती पुसून घ्यायला दोनदा आली, दोन्ही वेळा फीचा आकडा ऐकून ‘उद्या येते’ म्हणत परतली. आता नियम बदलला होता – इतकी जुनी, किरकोळ चोरी पुसायची असेल नि ऐपत नसेल, तर फी माफ. फक्त ऐपत नाही हे शपथेवर लिहायचं. चोरी लिहिताना अडखळला नाही तेवढा मेला हात तिथे अडखळला. पण शाळेच्या स्वयंपाकघरातली मुख्य बाई म्हणाली होती, कागद स्वच्छ झाला की जागा तुझीच.

प्रुइट नावाच्या म्हाताऱ्या कारकूनबाईंनी अर्ज डोळ्यांजवळ धरला.

“ओडेसाबाई, दुभाषी हवाय म्हणता. कुठल्या भाषेचा?”

“मला? अहो, मी इथलीच, नदीपलीकडची.”

“मग ‘हो’वर खूण कशाला?”

ओडेसाने वाकून पाहिलं. प्रश्न तिने वाचलाच नव्हता. इतकी वर्षं नोकरीच्या प्रत्येक अर्जात तो एकच चौकोन – कधी शिक्षा झाली आहे का? – चौकोन दिसला की हात आपसूक ‘हो’वर. मी काय करू, त्याला दुसरं शिकवलंच नाही कुणी... लाजेने तिचे कान तापले.

“रोज एकदोघं करतातच,” प्रुइटबाई म्हणाल्या. “काल एका सत्तरीच्या बुवाने स्वतःला अल्पवयीन ठरवलं. खोडा, बाजूला सही करा.”

तिने खोडलं आणि ‘नाही’वर खूण केली. कोर्टाच्या कागदावर ‘नाही’... बरं वाटलं, अगदी उगाचच.

सुनावणी सहा आठवड्यांनी. न्यायाधीश नाकारूही शकतात, प्रुइटबाईंनी बजावलं होतं. बाहेर पायऱ्यांवर बसून ओडेसा न्यायाधीशांना सांगायचं घोकू लागली – साहेब, मी एकोणीस वर्षांची होते... प्रत्येक मालकापुढे म्हटलेलं, पाठ झालेलं. पण तीनशे पोरांच्या मक्याच्या पावाला मीठ किती लागेल? आणि ताक? छे, आधी न्यायाधीश, तिने स्वतःला दटावलं. साहेब, मी एकोणीस... पुन्हा ती पिठापाशीच पोचली, आणि या वेळी तिने स्वतःला मागे ओढलं नाही.