पेशंटचा उजवा हात

मुलांनो, डोळे मिटा आणि समजा, की तुम्ही पलंगाखाली आडवे पडला आहात. नाकाशी धुळीचा गोळा आहे, शिंक येते आहे, पण शिंकायचं नाही. वर आजोबा निजले आहेत. पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूने त्यांचा उजवा हात खाली लोंबतो आहे आणि तो तुम्ही घट्ट धरून ठेवला आहे. कशासाठी? ऐका तर.

शर्वाणी आयर्लंडमधल्या ड्रोहेडात राहायची. तिचे बाबा, प्रसन्न, हॉस्पिटलात डॉक्टर होते. आजोबा कराडहून थोडे दिवस म्हणून आले, करोनामुळे विमानं बंद झाली आणि ते तिथेच अडकले. वरच्या खोलीत बोलिव्हियाची यादिराताई भाड्याने राहायची. पहाटे ती बेकरीत पाव भाजायची आणि दिवसा घरूनच कॉलेजचा रुग्णसेवेचा कोर्स करायची.

परीक्षेत तिला कॅमेऱ्यासमोर पेशंटचे पाय धुवायचे होते. पेशंट झाले बाबा. पेशंटने गप्प पडून राहायचं असतं, हे काही त्यांना जमेना. यादिराताईने तोंड उघडायच्या आत त्यांनी स्वतःची नाडी पाहिली, स्वतःला गोळ्या सांगितल्या आणि डिस्चार्जही देऊन टाकला. कॉलेजच्या बाईंनी विचारलं, परीक्षा नक्की कुणाची चालली आहे? ताई नापास झाली. शुक्रवारी एकच संधी उरली होती. ती हुकली, तर वृद्धाश्रमातली ठरलेली नोकरीही जाणार होती.

जेवताना सगळे डोकं लढवू लागले. बाबा म्हणाले, वेळापत्रक हवं. आजोबा म्हणाले, भिजवलेले बदाम हवेत. ताई म्हणाली, झोप हवी. शिवाय तिची आई नेमकी तास चालू असताना फोन करते आणि वायफाय जिना चढून वर येईपर्यंत दमतो. शर्वाणीने आपल्या आयरिश इंग्रजीत सांगून टाकलं, की बाकी सगळं ग्रँड, म्हणजे झकास आहे, पेशंट तेवढा बदला.

शुक्रवारी बाबांची ड्यूटी होती. म्हणून आदल्या दिवशी सरावाला शर्वाणी पेशंट झाली, पण तळव्याला स्पंज लागताच तिला अशा गुदगुल्या झाल्या, की लाथेसरशी टब उडाला आणि आंघोळ आजोबांना घडली. मग उरले आजोबा. उजवा हात लुळा पडलेल्या पेशंटचं काम होतं. ताईने पायांना हात लावला मात्र, आजोबा उठून बसले आणि तोच लुळा हात उंचावून म्हणाले, "यशस्वी हो, पोरी."

"आजोबा, तो हात चालत नाही ना," शर्वाणी म्हणाली.

"मी कुठे उचलतो? पायाला हात लागला, की तो आपला आपण उठतो."

पुन्हा करून पाहिलं. पुन्हा उठला.

म्हणून शुक्रवारी शर्वाणी पलंगाखाली होती. ताईने शहाण्यासारखं आधी विचारलं, "आजोबा, पाय धुऊ का?" मग स्पंज लागला. आजोबांचा हात गळाला लागलेल्या माशासारखा हिसके देऊ लागला. शर्वाणी लोंबकळली, पण सोडेना. तेवढ्यात आजोबांचा डावा हात सावकाश वर गेला.

स्क्रीनवरच्या बाई बघतच राहिल्या.

"पेशंटचा डावा हात उत्तम चालतो," ताई शांतपणे म्हणाली.

बाईंनी मान डोलावली. त्यांनी पास म्हटलं आणि स्क्रीन बंद झाला. पलंगाखालून एक दणदणीत शिंक आली.

आजोबा मात्र ओशाळले होते. "डाव्या हाताचा आशीर्वाद धरू नकोस, पोरी."

यादिराताईने हात पुसले आणि या घरात बघून शिकली होती तशी, या वेळी स्पंजशिवाय, त्यांच्या पायांशी वाकली.

आणि शर्वाणीने तो उजवा हात सोडून दिला.