खोलगटातली ऊब

हॉटेलच्या खोलीत थोरली जाऊ बुटांच्या नाड्या आवळत होती, आणि धाकटी अजून चपलांतच दारात घुटमळत होती. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. आदल्या दिवशी बेटावर येताना दोघांनाही बोट लागली होती, त्यामुळे दोघेही पांघरुणं ओढून पडून होते. "तुम्ही या जाऊन," धाकटीचा नवरा भिंतीकडे तोंड करून म्हणाला. झालं, ज्वालामुखीवरच्या पायपिटीला दोघी जावाच निघाल्या.

दोघींना एकमेकींच्या सोबतीची फारशी सवय नव्हती. थोरलीचं शिवणाचं दुकान होतं आणि ती समोरच्याचं माप नजरेनेच घ्यायची. धाकटी दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची. दिवसभर लोकांना 'काही दुखणार नाही' म्हणून धीर द्यायची, आणि स्वतः लिफ्टमध्ये एकटी चढायची नाही.

पायथ्याशी बस थांबली तेव्हा वाटाड्याने सगळ्यांना जवळ बोलावलं. "माझ्यामागे एका रांगेत चला. पाय दुखले तर सांगा, आपण सगळेच थांबू. पण खोलगट जागी कुणीही बसायचं नाही. वारा पडला की जमिनीतून येणारा वायू तिथे साचतो. तो दिसत नाही, आणि त्याला वास असेलच असंही नाही."

"मग कळणार कसं?" धाकटीने विचारलं.

"नाही कळत," तो म्हणाला.

वर झाड नाही, गवत नाही. बुटांखाली काळे दगड फुटक्या कौलांसारखे करकरत होते. भेगांमधून वाफ येत होती. मध्येच एका ठिकाणी धाकटीच्या तळव्यांना बुटातूनही चटका जाणवला आणि ती पटकन पुढच्या दगडावर सरकली. थोरलीची टाच सोलवटली होती. "थांबायला सांगू का?" धाकटीने विचारलं. "माझ्यासाठी सगळ्यांना कशाला ताटकळवायचं? तू हो पुढे," थोरली म्हणाली.

धुकं आलं ते एकदम. वाटाड्याने एका उंचवट्यावर सगळ्यांना थांबवून माणसं मोजली. थोरली नव्हती.

"इथून कुणी हलायचं नाही," असं म्हणून तो मागे धावला. धाकटी हलली. उंचवट्याच्या दुसऱ्या अंगाने ती हाका मारत उतरू लागली. "ताई! ओ ताई!" वारा पडला होता. स्वतःचा श्वास तिला मोठ्याने ऐकू येत होता.

धुकं जरा विरळ झालं तेव्हा खाली थोरलीचा पिवळा रुमाल दिसला. ती एका खोलगटात दगडाला टेकून बसली होती. एक बूट काढून बाजूला ठेवलेला.

"ताई, उठा!"

"ऊब आहे गं इथे," थोरलीची जीभ जड झाली होती. "जरा बसू दे." मग तिची मान छातीवर पडली.

धाकटीने वाटाड्याला हाका मारल्या. त्याचं उत्तर आलं, पण लांबून. "उतरू नका! मी आलो!" उतरू नये हे तिला पुरतं कळत होतं. तिने छाती भरून श्वास घेतला, तोंड मिटलं आणि उतरली.

थोरलीच्या काखेत हात घालून तिने ओढलं. देह वाळूने भरलेल्या पोत्यासारखा. अर्ध्या चढावर धाकटीचा पाय जमिनीचं पातळ कवच फोडून आत वाफेत गेला, घोट्याला आग लागल्यासारखं झालं, आणि ओरडताना कोंडलेला श्वास सुटला. पुढचा श्वास घ्यावाच लागला. डोकं गरगरलं. हात मात्र तिने सोडले नाहीत. तेवढ्यात कुणीतरी तिची कॉलर धरून वर खेचलं. वाटाड्याने आधी एकीला, मग दुसरीला काठावर आणलं.

दुपारी गावातल्या दवाखान्यात दोघी शेजारशेजारच्या खाटांवर होत्या. धाकटीच्या घोट्याला पट्टी, थोरलीच्या नाकावर ऑक्सिजन. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत सोडू.

डॉक्टर गेल्यावर थोरलीने मास्क जरा बाजूला केला.

"तुझ्या हाका मला ऐकू येत होत्या."

"मग उठला का नाहीत?"

"उठावंसंच वाटेना. इतकं बरं वाटत होतं."

धाकटीने हात लांब करून मास्क परत नीट बसवला. थोड्या वेळाने थोरलीचा डोळा लागला. धाकटी मात्र कुशीवर वळून तिच्या छातीवरची चादर वरखाली होताना बघत राहिली. नवरे धावतपळत येऊन दारात उभे राहिले, तेव्हाही तिने नजर हलवली नाही.