गॅरेजमधली गाडी

पेन्सिलीला टोक काढून तिने ते अंगठ्यावर टेकवून पाहिलं आणि रजिस्टरचं दुसरं पान उघडलं.

"गोलकीपर झाले," कंट्रोलर म्हणाले. "आता बचाव. एक नंबर, कुलूप. दोन नंबर, मावशी."

"मावशी? गेल्या वर्षी सहावी होती ना?"

"लग्न झालं तिचं. आता पाय घरात टिकतो."

ती हसत लिहू लागली. कुलूप, मावशी, मुनीम, दरवान. सगळे परदेशातले धिप्पाड फुटबॉलपटू. त्यांची खरी नावं डेपोत कुणाच्या जिभेवर कधी बसली नाहीत, म्हणून पंचवीस वर्षांपूर्वी बारसं करायची जी पद्धत पडली ती पडली. मावशी समोरच्या खेळाडूच्या गळ्यात पडायची, म्हणून मावशी.

खिडकीजवळच्या पलंगावर कंट्रोलर तीन उशांना टेकून बसले होते. मांडीवर बुटांचा रिकामा खोका, त्यात जूनपासून कापलेली कात्रणं. दोन नावं सांगितली की ते थांबत, एक कात्रण उगाच उलटसुलट करत. दम लागलाय हे दिसू नये म्हणून. तीही मग उगाच पेन्सिलीचं टोक बघत बसे.

बस डेपोत चौतीस वर्षं तिच्या नवऱ्याने ड्यूट्या लावल्या, म्हणून घरीही ते कंट्रोलरच. कुठली गाडी, कुठला ड्रायव्हर, कुठला मार्ग. कोण सोमवारी आजारी पडणार हे त्यांना शनिवारी कळायचं. हा खेळही त्यांच्याच कंट्रोल खोलीत सुरू झाला. दर ऑगस्टमध्ये आठ जण जमायचे आणि खऱ्या खेळाडूंमधून अकरा-अकरा जणांचा आपापला कागदी संघ निवडायचे. मग मेपर्यंत ते खेळाडू तिकडे मैदानावर जे दिवे लावतील त्याचे गुण इकडे कागदावर. एकदा घेतलेला खेळाडू हंगाम संपेपर्यंत बदलायचा नाही. आणि नाव घ्यायचं ते कंट्रोलरांच्या यादीतलंच. गोलकीपर, बचाव, मधली फळी, आघाडी, अशी चार पानं. यादीत नाही तो खेळाडूच नाही.

आठांचे आता तीन उरले होते.

"मधली फळी उद्या सकाळी सांगतो," ते म्हणाले.

"आणि आघाडी?"

"ती लिहिली मी. तू अंघोळीला गेली होतीस तेव्हा."

"या हाताने? मला सांगायचं ना."

"माझ्याही हाताला काही काम नको का?" त्यांनी रजिस्टर तिच्याकडून घेतलं आणि उशीखाली सरकवलं.

तिने फार मनावर घेतलं नाही. तिच्या मनावर आधीच एक धोंडा होता. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी तिला आणि मुलीला बाहेर बोलावलं होतं. पाण्याच्या टाकीशेजारी उभं करून, आवाज खाली आणून ते म्हणाले होते, "डिसेंबरपर्यंत धरून चाला." तिने परत आत जाऊन नवऱ्याला सांगितलं, कफ साठलाय, महिनाभर औषध घ्यायचं. मुलगी रिक्षात तोंड फिरवून बसली होती. घरी आल्यावर स्वयंपाकघरात म्हणाली, "आई, बाबांना सांगून टाकू या."

"काही सांगायचं नाही. हंगाम तोंडावर आलाय. त्यात जीव रमतो त्यांचा, तो रमू दे."

"कळल्याशिवाय राहणार आहे का?"

"माझ्या तोंडून कळणार नाही."

तेव्हापासून ती मूग गिळून होती. नवरा खोकला की दुसऱ्या खोलीत भांडी जरा जास्तच वाजवायची.

*

रविवारी दुपारी तीनला ब्रेक आणि जॅक आले. ब्रेक डेपोतला ड्रायव्हर. त्याने ब्रेक मारला की गाडीत उभं राहिलेलं माणूस खाली बसायचं. जॅक मेकॅनिक, आता एका कानाने बहिरा.

"वहिनी, हा जिना वाढवला की काय तुम्ही?" ब्रेक दारातच धापा टाकत म्हणाला.

"जिना तेवढाच आहे भाऊजी. इंजिन बघा."

"इंजिन या जॅकने बिघडवलं. पन्नाशीत मला म्हणाला, सिगारेट सोड. सोडली, तेव्हापासून दम लागतो." मग पलंगाकडे पाहून त्याने आवाज चढवला. "कंट्रोलर! रंग सुधारला की!"

खोटं बोलताना तो नेहमीच मोठ्याने बोलायचा. जॅकने कंट्रोलरांच्या पायांवरची चादर सारखी केली आणि खुर्ची ओढून बसला.

ती चहा टाकायला आत गेली. आतून तिला पानं उलटल्याचे आवाज येत होते. भिंतीवरच्या खिळ्याला एक जुनी घंटी लटकत होती, बसमधली. तिचा मालक कंडक्टर, त्या आठांतलाच एक. सहा वर्षांपूर्वी जानेवारीत तो गेला. तेव्हा तिघाचौघांनी ठरवलं, त्याचा संघ मोडायचा नाही. निघालेली गाडी डेपोत परत येईपर्यंत धावते. मेपर्यंत त्याची बायको दर सोमवारी सकाळी फोन करायची. तिला फुटबॉल चौकोनी की गोल हेही माहीत नव्हतं. कागद समोर धरून एकेक नाव वाचायची आणि विचारायची, "आमचे किती झाले?" कंट्रोलर गुण सांगायचे, फोन ठेवायचे आणि बराच वेळ त्याच्यावर हात ठेवून बसून राहायचे.

"बिचारीला कशाला हे लोढणं," एकदा ते म्हणाले होते. "एकटीने कागद घेऊन वाट बघत बसायची. माणसाने जाताना असं काही अर्धवट ठेवू नये मागे."

त्या बाईने जूनमध्ये बाजारात भेटल्यावर काय सांगितलं होतं, ते मात्र तिने घरी कधी काढलं नाही. भाजीची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून ती म्हणाली होती, "वहिनी, हे जानेवारीत नाही गेले. मे संपला तेव्हा गेले."

चहा उतू जायला आला तशी तिने गॅस बारीक केला. बाहेर ब्रेकचा आवाज चढला होता.

"उंट कुठंय?"

ती ट्रे घेऊन दारात आली. ब्रेक आघाडीच्या पानावर बोट वरखाली फिरवत होता.

"उंट राहिला की तुमचा. दोन वर्षं सगळ्यांत जास्त गोल त्याचे."

"गुडघा फाटलाय त्याचा," कंट्रोलर म्हणाले.

"अहो, म्हणून तर! फेब्रुवारीत परत येतोय. गॅरेजमधली गाडी! तुम्हीच ना म्हणता, गॅरेजमधून निघालेल्या गाडीइतकी कुठली पळत नाही? दर वर्षी जखमी घोडा एक नंबरला ठेवता, आम्ही हसतो आणि मेमध्ये तुम्ही आमच्या नाकावर टिच्चून जिंकता. यंदाच कसा विसरलात?"

"राहिला असेल. चुकलं."

"काय म्हणतात?" जॅकने विचारलं.

"म्हणतात, चुकलं."

"कोण, कंट्रोलर?" जॅकने कानातलं यंत्र काढलं, फुंकर मारली आणि परत कानात बसवलं.

ब्रेक खदाखदा हसला. ती हसली नाही. ट्रे हातातच राहिला. मुलीच्या जन्माच्या वेळी तिला कळा येत असताना या माणसाने दवाखान्यातून डेपोत फोन करून सांगितलं होतं, नऊ नंबरच्या ड्रायव्हरचा चष्मा फुटलाय, त्याला आज गाडी देऊ नका. चुकलं हा शब्द तिने त्यांच्या तोंडून संसारात ऐकला नव्हता. भांडणातसुद्धा नाही.

ट्रे खाली ठेवून तिने हात पदराला पुसले.

"बघू," ती म्हणाली आणि रजिस्टर घेतलं.

मुंग्यांची रांग मोडावी तसं अक्षर. पण नावं वाचता येत होती. एक नंबरला टोपी होता. टोपी! दर वर्षी कंट्रोलर त्याला तळाला टाकायचे. 'डिसेंबरपर्यंत पळतो, पुढे नुसत्या धापा,' हे वाक्य तिला पाठ होतं. दोन नंबरला सोनार. तोही तसाच, सुरुवातीचा शूर. तिने खालपर्यंत वाचलं. जूनपासून कात्रणं कापताना ते ज्यांच्याबद्दल 'हा उशिरा तापतो' म्हणाले होते, त्यातला एकही पानावर नव्हता.

पानात खूण म्हणून एक कार्ड घातलेलं होतं. दवाखान्याचं. तिने ते कपाटात साड्यांखाली ठेवलं होतं. एकाखाली एक तारखा, आणि शेवटच्या ओळीत, 'पुढील तारीख' लिहिलेलं होतं तिथे, डॉक्टरांच्या पेनाची एक आडवी रेघ.

डेपोतही प्रत्येक गाडीचं असं कार्ड असायचं. सर्व्हिसिंग झालं की त्यावर पुढची तारीख पडायची. तारखेच्या जागी रेघ आली की ती गाडी भंगाराच्या आवारात. त्या रेघा मारायचं काम जॅककडे होतं, आणि ज्या दिवशी मारायचा त्या दिवशी तो डबा न उघडता घरी जायचा.

तिने वर पाहिलं. कंट्रोलर खिडकीबाहेर बघत होते. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी झटकत होतं, तेच काय ते मोठं काम असल्यासारखं.

जॅकची नजर कार्डावर पडली. त्याने कप उचलला, तोंडाजवळ नेला आणि न पिताच खाली ठेवला.

"बरं, राहिला तर राहिला," ब्रेक म्हणाला. "यादीत नाही तो खेळाडू नाही. नियम तुमचाच. चला, चिठ्ठ्या काढा."

तीन चिठ्ठ्या. पहिला नंबर कंट्रोलरांचा निघाला. त्यांच्या संघाचा कागद तिने समोर ओढला. यंदा लिहायचं तिलाच होतं.

"टोपी," ते म्हणाले.

तिने लिहिलं नाही.

"अगं, टोपी."

"ऐकलं मी."

ब्रेकने तिच्याकडे पाहिलं. तिने संघाचा कागद बाजूला सारला आणि रजिस्टर पुन्हा मांडीवर घेतलं. आघाडीच्या पानावर एक नंबरच्या वर बोटभर कोरी जागा होती. तिथे तिने शून्य काढलं आणि त्यापुढे लिहिलं, उंट. मग रजिस्टर नवऱ्याच्या समोर धरलं.

"आता आहे यादीत," ती म्हणाली.

"वहिनी, हे चालतं का?" ब्रेक म्हणाला. जॅकने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. ब्रेकने आधी त्या हाताकडे, मग जॅकच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू हळूहळू उतरलं.

कंट्रोलर पानाकडे बघत राहिले. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तिने या वेळी भांडं वाजवलं नाही, काही नाही.

"फेब्रुवारी उजाडेल त्याला," शेवटी ते म्हणाले.

"उजाडू दे."

"तोवर नुसतं शून्य. दर सोमवारी."

"असू दे की शून्य. मी घरातच आहे."

समोरच्या गच्चीवरच्या चादरी घडी होऊन आत गेल्या. कंट्रोलरांनी हात लांब करून पानातलं कार्ड काढून घेतलं, खोक्यात कात्रणांच्या तळाशी घातलं आणि झाकण लावलं.

"लिही मग उंट," ते म्हणाले.

तिने संघाचा कागद ओढला आणि पहिल्या ओळीवर पेन्सिल टेकवली.

"आणि अक्षर जरा मोठं काढ," ते म्हणाले. "सोमवारी फोनवर नावं वाचताना चष्मा लागायला नको तुला."