कोंबडखताला सासऱ्यांचा वशिला

सुनेनं परसात कोंबड्यांची शेड घातली, त्या दिवसापासून घरात एकच खटला चालू होता: वास. फिर्यादी सासूबाई, न्यायाधीशही त्याच. शेवटी तोडगा निघाला. शेडमधलं खत घरामागच्या सोयाबीनला घालायचं. पीक चांगलं आलं तर कोंबड्या राहतील, नाहीतर विकायच्या. सासरे नेहमीप्रमाणे तटस्थ होते.

सुनेनं खत झाकून कुजवलं, त्याची धग पार निवल्यावर पेरणीआधी मातीत मिसळलं, तेही बेतानंच. सासऱ्यांना ते फारच बेताचं वाटलं. पाहुणा ‘पुरे’ म्हणाला की त्याच्या ताटात आणखी दोन डाव वाढणाऱ्यांपैकी ते होते.

पीक असं माजलं की रस्त्यानं जाणारे थांबून बघत. कमरेपर्यंत हिरवंगार. शेंगा मात्र शोधाव्या लागत.

“पानांचं काय लोणचं घालायचंय?” सासूबाई म्हणाल्या.

सून एक झाड उपटून पायरीवर बसली. सोयाबीनच्या मुळांवर गाठी असतात. झाड त्यांतून आपलं नत्र आपण कमावतं. इथे मुळं गुळगुळीत होती. नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो, शेंगा धरत नाहीत.

“आयतं मिळाल्यावर कोण कशाला कमावेल? पण मी एवढं घातलंच नव्हतं हो.” तिनं झाड पायरीवर ठेवलं. “जाऊ दे. उद्या कोंबड्या न्यायला गाडी बोलावते.”

“गाडी नको,” खांबाआडून सासरे म्हणाले. “मी घातलं. वरून. शेडमधलं ताजंच.”

“कधी?”

“फिरायला जायचो तेव्हा.”

“रोज?” सासूबाई किंचाळल्या. “सदऱ्याला वास येतो म्हटलं, तर वयोमानानं येतो म्हणालात! मी डॉक्टरांची वेळ घेणार होते!”

“हिच्या कोंबड्या राहाव्यात म्हणून केलं गं. रोज पहाटे एकटी शेड झाडते. वाटलं, आपल्यालाही काहीतरी करता यावं.”

सासूबाईंनी पायरीवरचं झाड उचलून त्याची मुळं निरखली.

“राहू देत कोंबड्या आणखी एक हंगाम,” त्या म्हणाल्या. “हिच्या खताचा न्याय झालाच नाही. झाला तो तुमच्या खताचा.” आणि चहा ठेवायला आत गेल्या.

सुनेनं डोळे पुसले, सरकून पायरीवर जागा केली.

“बसा बाबा. पुढच्या वेळी मला मदत करायची तर काय करायचं, सांगू?”

“काय?”

“काहीच नाही.”

“अवघड आहे,” सासरे म्हणाले आणि बसले.