एकाच बॅटरीवर

जयवंतनं बोटीतलं पाणी उपसणाऱ्या पंपाचं बटण बंद केलं, इन्व्हर्टरचे दोन चिमटे बॅटरीला लावले आणि हिरवा दिवा लागेपर्यंत तिथेच उकिडवा बसून राहिला. दिवा लागला. मग केबिनमध्ये येऊन त्यानं लॅपटॉप सुरू केला. कॅप्टन जाताना मागे ठेवून गेलेल्या त्या लॅपटॉपची स्वतःची बॅटरी कधीच मेली होती. वीज क्षणभर डगमगली तरी स्क्रीन काळी होई आणि लिहिलेलं सगळं जाई. त्यामुळे पंप आणि लॅपटॉप एकदम चालवता येत नसत. लिहायचं तर पाणी चढू द्यायचं, पाणी उपसायचं तर लिहिणं थांबवायचं.

सप्टेंबर होता. चार दिवस ऊन पडलं नव्हतं आणि छपरावरची सोलर प्लेट नावापुरतीच उरली होती. जनरेटरचं डिझेल जूनमध्येच संपलं होतं.

कंपनी बंद पडली तेव्हा न्यायालयानं ही जहाजं ओढणारी टगबोट जप्त करून नायगावजवळ खाडीत नांगरून ठेवली होती. जप्तीतल्या बोटीवर एक तरी माणूस राहिलाच पाहिजे, अशी अट होती. बाकीचे सहाजण आजारपण, लग्न, मयत अशी कारणं दाखवून एकेक करून सुटले. इंजिन ड्रायव्हर जयवंत राहिला. बोट सोडून गेला तर त्याचा परवाना जाणार होता, आणि बोट बुडाली तरी दोष त्याच्यावरच येणार होता. बोळिंजचं घर तासाभराच्या अंतरावर. सात महिन्यांत तो तिथं गेला नव्हता.

'रविवार. इंजिनरूममध्ये पाणी चौदा इंच,' त्यानं टाइप केलं. पुढचं वाक्य जुळवत असताना खालून हाक आली.

"भाऊ, दोर टाका!"

दर रविवारी फर्डिनंड आपल्या होडीतून पिण्याच्या पाण्याचे कॅन आणि जयवंतच्या बायकोला, आशालताला, घेऊन येई. आज होडीत तिसरा माणूस होता. साठीचा, काटक, मांडीवर रेक्झिनची फुगलेली बॅग.

केबिनमध्ये आल्या आल्या आशालतानं पर्समधून घडी केलेला कागद काढला.

"वकिलांनी आणलाय आदेश. तुमच्या जागी दुसरा माणूस सही करून राहायला तयार असेल तर तुम्हाला उतरता येईल. आजच." तिनं त्या माणसाकडे पाहिलं. "हे हरेश्वरकाका. मिठागरावर होते. राहायला तयार आहेत."

जयवंतनं कागद दोनदा वाचला. मग उगाचच टेबलावरचा पेला उचलून दुसरीकडे ठेवला.

"आपल्या पोरीनं सकाळपासून तुमची खोली आवरलीय," आशालता म्हणाली.

हरेश्वर केबिनभर नजर फिरवत होता. "बरी हाय जागा. सुनेला सांगून आलो, आता परत येत नाय म्हनून." त्यानं बॅग खाली ठेवली. "आत पानी बिनी येतं काय?"

"थोडंफार," आशालता चटकन म्हणाली. "पंप आहे ना."

जयवंतनं तिच्याकडे पाहिलं. ती गोल खिडकीतून बाहेर बघत होती. पेन टेबलावरच पडलं होतं. एक सही झाली असती तर तासाभरात तो स्वतःच्या दारात उभा असता.

"काका, इकडे बसा," तो म्हणाला.

लॅपटॉपमध्ये त्यानं रोज काढून ठेवलेले फोटो होते. हरेश्वरला फारसं वाचता येत नव्हतं, पण फोटोतली मोजपट्टी कळत होती. मार्चमध्ये तीन इंच. जूनमध्ये आठ. काल तेरा. तळाचा पत्रा कुठं गळतो ते पाण्याखाली असल्यानं सापडत नव्हतं. आणि बॅटरी एकच होती.

"आन तुमी हे कुनाला सांगितलं नाय?"

"रोज लिहितो. दर रविवारी ही पेन ड्राइव्हवर नेते, छापून वकिलांना देते. कंपनीवाले म्हणतात, सुटण्यासाठी रचलंय. दुसऱ्या कुणी पाहिलंय का, असं विचारतात. बायकोचं कोण धरतो?"

हरेश्वर उठला. जयवंतनं त्याला टॉर्च दिला. तो एकटाच लोखंडी शिडीवरून इंजिनरूममध्ये उतरला आणि बराच वेळ वर आला नाही. वर दोघं बसून होती. आशालतानं डबा उघडला आणि तसाच पुन्हा बंद केला.

"तुम्हाला घरी यायचंच नाहीये," ती अगदी हळू म्हणाली.

जयवंत शिडीच्या तोंडाशी जाऊन खाली वाकून पाहू लागला.

हरेश्वर वर आला तेव्हा त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती.

"मी सही नाय करनार," तो म्हणाला. "जलम पान्यात काढला. हे पानी थांबनारं नाय."

"बरं."

"पन लिवा तुमी. मी बघितलं म्हनून लिवा. कोर्टात बोलवलं तर येईन."

जयवंतनं लॅपटॉप पुढे ओढला. "पूर्ण नाव सांगा."

हरेश्वर सांगत गेला. नाव, बापाचं नाव, गाव. गावाशी येऊन तो अडखळला. "राहनार कुठं लिवता? सुनेकडंचं नका लिवू."

जयवंतची बोटं थांबली. बाहेरून फर्डिनंडनं ओहोटी लागत असल्याची हाक दिली.

"बोळिंज लिहा," आशालता म्हणाली. "आपला पत्ता लिहा. कोर्टाचा कागद आला तर मला मिळेल."

जयवंतनं लिहिलं आणि पेन ड्राइव्ह काढून तिच्या हातात दिला. तिनं तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला, जेवणाचा डबा टेबलावर सरकवला आणि त्याच्या दंडाला जरासा हात लावून ती बाहेर पडली.

होडी सुटली तेव्हा जयवंत कठड्याशी उभा होता. आशालता आणि हरेश्वर एकाच फळीवर बसली होती, मध्ये ती बॅग. होडी वळताना आशालताचा आवाज पाण्यावरून त्याच्यापर्यंत आला.

"काका, आज आमच्याकडे चला. खोली आवरलेली आहे."

हरेश्वर काय म्हणाला ते त्याला ऐकू आलं नाही.