सहाव्या बोटाचं पान

मी कागदांचा गठ्ठा बोलतोय. वर्ध्यातल्या एका संस्थेच्या अभिलेखागारात, लोखंडी कपाटाच्या खालच्या फळीवर मला ठेवलंय. माझ्या पोटात डांबराच्या गोळ्या घातल्यात. पाहुणे आले की सगळे मला 'अमूल्य ठेवा' म्हणतात, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. एवढा अमूल्य होतो, तर कोणी मला आधी नीट वाचलं का नाही?

माझा जन्म वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघे गावातल्या एका खोलीत झाला. तिथे डॉक्टर अण्णाजी बसायचे. ते मनोविश्लेषक होते. समोरच्या माणसाला मनात येईल ते बोलू द्यायचं आणि आपण गप्प बसून ऐकायचं, हे त्यांचं काम. ना गोळी, ना सुई, हा कसला डॉक्टर, म्हणून लोक हसायचेही. पण हसणारेच मागच्या दारानं यायचे.

अण्णाजींना कुतूहल तरी किती! अंगात येणाऱ्या बाया, कापसाच्या जिनिंगमधल्या कामगारांची स्वप्नं, पोरींची भुलाबाईची गाणी, कधी साप न पाहिलेल्या माणसाला सापाची भीती का वाटते, सगळं लिहून ठेवायचे. तेही पाठकोऱ्या कागदावर. नवा कागद वापरला तर जणू पाप लागेल, असा त्यांचा वर्ध्याचा गांधीवादी पीळ. त्यामुळे माझ्या एका अंगाला माणसांची स्वप्नं आणि दुसऱ्या अंगाला लग्नपत्रिका, नाहीतर बियाण्यांच्या जाहिराती.

पेशंटसमोर ते कधी लिहीत नसत. माणूस गेला की लगेच, त्याच्याच बोलीत, सगळं उतरवून काढत. आणि पहिल्या दिवशी प्रत्येकाला सांगत, "इथलं बोलणं इथंच राहील." खुळा मी, मला ते खरं वाटलं.

सिंदी रेल्वेहून विमलाबाई यायच्या, कापसाच्या दलालाची धाकटी सून. घरी 'दाताच्या डॉक्टरकडे जातो' असं सांगून त्या पॅसेंजरनं येत. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "माह्या पोरीच्या डाव्या हाताले सहा बोटं हायेत जी. मले तो हात पाह्यवत नाई. पाजतानी पदराखाली झाकून ठेवतो. पोरीवर माहा जीवच बसत नाई." अण्णाजींनी दाताच्या बहाण्यासकट सगळं लिहिलं.

त्या येत राहिल्या. मग एके दिवशी आल्या त्या उभ्या उभ्याच बोलायला लागल्या. सासूनं ते जास्तीचं बोट कापून टाकायला पोरीला दवाखान्यात नेलं होतं. विमलाबाई मागून धावत गेल्या आणि टेबलावरून पोर उचलून घरी घेऊन आल्या. "म्या साफ सांगतलं, माह्या पोरीचं कायबी कापाचं नाई! त्याच बोटानं माहा पदर धरते ते." बोलता बोलता त्या हसत होत्या आणि रडतही होत्या. अण्णाजींनी हे एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलं आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले. त्यानंतर विमलाबाई आल्या नाहीत. गरजच उरली नव्हती.

पुढे अण्णाजी गेले. त्यांची मुलगी इला पुण्याहून आली. बापाचं नाव राहावं म्हणून तिनं मला संस्थेच्या हवाली केलं. मला हार घातला, फोटो काढले आणि कपाट बंद केलं. ज्यांचं बोलणं माझ्यात आहे त्यांना विचारावं, असं कोणाच्या मनातही आलं नाही.

यंदा अण्णाजींची जन्मशताब्दी निघाली. प्रदर्शन भरवायचं ठरलं. अभिलेखागार सांभाळणाऱ्या धर्मेंद्रबाबूंना 'एकदम जबरदस्त' पान पाहिजे होतं. त्यांना विमलाबाईंचं पहिलं पान आवडलं. नावावर काळी शाई फिरवली, झाली गोपनीयता! गाव राहिलं, दलालाची सून राहिली, सहा बोटं राहिली. अहो, आपल्या जिल्ह्यात माणूस नावानं ओळखतात होय? त्यांचं दुसरं पान, बोट वाचवल्याचं, लग्नपत्रिकेची बाजू वर करून पडलं होतं. धर्मेंद्रबाबूंनी ते न उलटताच 'किरकोळ' लिहिलेल्या फाइलीत टाकलं.

आणि पाहायला आलं कोण, तर सुरभीबाई. विमलाबाईंची तीच पोर, आता सेलूच्या शाळेत मास्तरीण. वर्गातल्या मुलांना घेऊन आल्या होत्या. एक पोरगी काचेवर नाक टेकवून ओरडली, "मॅडम, पाहा न, तुमच्यावानीच सहा बोटं!"

सुरभीबाईंनी पान वाचलं, परत वाचलं. डावा हात पदराखाली घेतला. तिथूनच आईला फोन लावला. "आई, माह्या लहानपणी तू म्हणे दाताच्या डॉक्टरकडे जात होती न? समजलं मले." एवढंच बोलून फोन ठेवला.

सिंदीत कुजबुज झाली, तशी संस्था घाबरली. पान काचेखालून काढलं आणि माझ्या कपाटावर 'गोपनीय' अशी चिठ्ठी लावली. सगळ्यांचं वाचून झाल्यावर!

मग विमलाबाई आल्या. म्हातारपण, हातात कापडी पिशवी.

"साहेब, मले माहं पुढचं बोलणं पाह्यचं हाय जी. डॉक्टरनं ते बी लिहिलंच असन. पोरगी बोलत नाई माह्याशी. सांगून सांगून थकलो. म्हणते, आता तू कायबी सांगशील."

"आजी, पेशंटचे कागद गोपनीय असतात. कोणालेच दाखवता येत नाई."

"सारा जिल्हा वाचून गेला न बापा! अन् मलेच काऊन नाई?"

धर्मेंद्रबाबू ओशाळले, पण नियम सोडेनात. "त्या बाई तुम्हीच, हे कशावरून? पानावर नाव नाई."

"नाव त तुम्हीच खोडलं!"

"म्हणून त अडचण आहे न, आजी." त्यांनी डोकं खाजवलं. मग मोठा उपकार केल्यासारखे म्हणाले, "असं करा, मुलीले घेऊन या. तिचं बोट पाह्यलं की कमिटीले सांगता येईल."

"ते येत असती," विमलाबाई म्हणाल्या, "त मले कागद काऊन लागला असता?"

पिशवी उचलून त्या निघून गेल्या. त्यांची चप्पल जिन्यावरून उतरेपर्यंत मी ऐकत होतो. मला तोंड असतं, तर त्या दिवशी कपाट फोडून ओरडलो असतो.

सुरभीबाई, तुम्ही रोज त्याच हातात हजेरीपट धरून वर्गावर जाता. ते बोट अजून तुमच्या हातावर कसं, हे एकदा तरी कोणाला विचारलंत का? आणि धर्मेंद्रबाबू, माझी जपणूक पुरे झाली. त्या 'किरकोळ'मधली ती लग्नपत्रिका तेवढी उलटी करा आणि सेलूला पोचवा. विमलाबाई आहेत तोवर. मग मला चुलीत घाला, माझं काही म्हणणं नाही.