बिनकापडाचं गिऱ्हाईक

सासऱ्यांचा आजार बरा होणारा नव्हता, पण हाडांतलं दुखणं औषधांनी आटोक्यात येईल, असं दवाखान्यात सांगितलं होतं. त्यासाठी नर्स घरी यायला तयार होती. सासऱ्यांचं मात्र एकच पालुपद, "ती माणसं आली म्हणजे आपण गाशा गुंडाळायचा." शेवटी सुनेनं शक्कल लढवली. सासरे जन्माचे शिंपी, म्हणून तिनं नर्सला गिऱ्हाईक बनवून आणलं.

"ब्लाउज शिवायचाय, काका," नर्स म्हणाली.

सासऱ्यांची कळी खुलली. टेप गळ्यात अडकवून ते कसेबसे उठले. दंडाचं माप घेता घेता कळ आली तशी त्यांनी खुर्ची धरली, आणि नर्सची बोटं अलगद त्यांच्या मनगटावर गेली.

"कापड?" त्यांनी विचारलं.

नर्सनं सुनेकडे पाहिलं, सुनेनं छताकडे. एवढं सगळं जुळवलं आणि नेमकं कापडच राहिलं होतं.

"कापडाचा पत्ता नाही, आणि गिऱ्हाईक माझी नाडी बघतंय," सासरे म्हणाले.

सून फिसकन हसली, मग नर्स, मग बरगड्या धरून सासरेसुद्धा.

"माझा गाशा गुंडाळायलाच आलात ना?"

"छे हो. माझे एक पेशंट आजोबा दोन वर्षं मला रमीत हरवतायत. मी दुखणं थांबवायला येते."

सासरे टेप गुंडाळत राहिले. "मशीनवर बसता येईल?"

"तेच तर बघायचंय."

"मग काढा औषध. पुढच्या वेळी कापड आणा. पण मला शिवायला वेळ लागेल हं."

"लागू दे की," नर्स म्हणाली. "अस्तरही लावा."